किटण काढण्याचा हक्क

दातांवरचे किटण कोणी काढावे, हे या देशाने संविधान लागू होण्याआधीच ठरवले. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याची व्याख्या मोठी मजेदार आहे. जो डॉक्टर नाही, दंतवैद्यही नाही, पण दात खरवडतो, साफ करतो, चमकावतो किंवा त्यांच्या निगेचे धडे देतो, तो डेंटल हायजिनिस्ट. दोन वर्षांची पदविका घ्या, राज्याच्या नोंदवहीत नाव लावा, मगच अवजार हाती. डेंटल मेकॅनिकचा संबंध कवळीशी. ती घालणाऱ्या तोंडाशी नाही.

अमेरिकेत ब्रिजपोर्टच्या अल्फ्रेड फोन्स यांनी १९०६ मध्ये आपल्या सहायिकेला, आयरीन न्यूमनला, हे काम शिकवले. आपल्याकडे मात्र बहुतेक दवाखान्यांत डॉक्टरच स्केलिंग करतात. सहायिका दिवा धरते, थुंकी ओढणारी नळी सांभाळते आणि पुढची तारीख देते.

अर्थात हा सगळा हक्काचा वाद खुर्चीवर येऊन बसलेल्या माणसासाठी.

कर्जत-मुरबाड रस्त्यावरच्या कळंबची एखादी आजी त्या खुर्चीपर्यंत पोचतेच कशाला? तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, बोटाने हिरड्यांवर फिरवायची: झाली मशेरी. पदविका नको, नोंदणी नको, अपॉइंटमेंट तर नकोच. तोंडाच्या कॅन्सरचा धोका तेवढा फुकट. सरकारने १९९२ मध्ये तंबाखूयुक्त टूथपेस्ट आणि दंतमंजनावर बंदी घातली. चुलीवरचा तवा त्यात आला नाही. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदाही केला. त्यातही दंतवैद्य आहेत, त्यांचे सहायक आहेत; आजीचे बोट नाही.