सत्तर टक्के सुटीतली जीवनसत्त्वं

जीवनसत्त्वांच्या गोळ्या छापील किमतीला विकत घेतलेला माणूस अजून तरी माझ्या पाहण्यात नाही. १,४९९ वर काट, शेजारी ठळक ४४९ आणि खाली 'फक्त आज रात्रीपर्यंत'. ही आजची रात्र दिवाळीपासून चालू आहे. छापील किंमत कंपनीच ठरवते. कायदा एवढंच सांगतो की तिच्या वर एक पैसा घेऊ नका. तेव्हा सत्तर टक्के सूट हे औदार्य नव्हे, कल्पनाशक्ती आहे.

आमच्या मेहुण्यांना हे पटत नाही. "भावोजी, दोनवर दोन फुकट!" असं म्हणत त्यांनी परवा चार बाटल्या टेबलावर मांडल्या. केसांसाठी, त्वचेसाठी आणि 'एकंदर तेजासाठी' स्ट्रॉबेरीच्या चवीच्या गमी. मी एक बाटली हलवून पाहिली. साठ गमींचा खुळखुळाट व्हायला हवा होता, झालं एकच 'धप्प'. झाकण उघडलं तर आत तांबडा, चकचकीत, अखंड गोळा. गोदामातल्या उकाड्यात सगळ्या वितळून पुन्हा एकजीव झालेल्या. उष्णतेने आणि दमटपणाने 'सी' जीवनसत्त्व सगळ्यांत आधी गळपटतं, हे मी सांगेपर्यंत मेहुण्यांनी सुरी आणली होती.

मी चष्मा लावून बाटलीची मागची बाजू वाचायला घेतली. पुढची बाजू वाचण्यात अर्थ नसतो, तिथे सगळे निरोगीच असतात. मागे मुंगीच्या अक्षरात: मात्रा रोज दोन. म्हणजे साठांची बाटली महिनाभराची, चार बाटल्या चार महिन्यांच्या. तळाशी मुदत पाहिली, उरले होते दोन महिने. मुदत संपली की मध्यरात्री गोळीचं विष होत नाही. लिहिलंय तेवढा माल आत असल्याची कंपनीची हमी तेवढी संपते. पण या हिशेबाने निम्म्या बाटल्या बिनहमीच्या. म्हणजे फुकटच्या त्या दोन.

"मग सगळ्यांनी खाऊ!" मेहुणे म्हणाले. सौ.ने लगेच दुजोरा दिला, कारण दादाने आणलेलं.

इथे मला थोडं खरं बोलावं लागलं. 'बी' आणि 'सी' जास्त झाली तर बरीचशी लघवीवाटे जातात. 'बी-२'ने ती पिवळीधमक होते आणि मेहुण्यांसारखी माणसं त्यालाच गुण आला म्हणतात. 'ए' आणि 'डी' मात्र शरीरात साठतात, संपवायच्या घाईत खाण्यातली नव्हेत. आणि केसांच्या गमींतलं बायोटिन मोठ्या मात्रेत पोटात असलं तर थायरॉइडच्या काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकतात. केस वाढायचे राहिले बाजूला, नसलेल्या थायरॉइडवर इलाज सुरू व्हायचा.

"पण 'सी' तरी?" मेहुण्यांचा शेवटचा बुरूज. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत पुरुषाला दिवसाला ८० मिलिग्रॅम 'सी' सांगितलंय. मध्यम आकाराचा एक पेरू ते सहज भागवतो. पेरूवर सूट नसते, हाच त्याचा दोष. आणि भाजीवाली तो बोटाने दाबू देत नाही.

गोळ्या खोट्या असतात असं नाही. निव्वळ शाकाहारी माणसाला 'बी-१२' कमी पडतं, दिवसभर एसीत बसणाऱ्याला 'डी'. पण ते आधी रक्तात कमी दिसायला हवं, बाटलीवर स्वस्त नव्हे. दिसलं, तर डॉक्टरांनी लिहून दिलेली साधी गोळी जनऔषधी दुकानात बारा महिने स्वस्त मिळते, तीही लाल अक्षरांशिवाय.

तेव्हा घेणारच असाल तर दिवसाचा खर्च काढा, तळाची तारीख वाचा आणि बाटली हलवून पाहा. 'धप्प' वाजलं तर खुशाल परत करा.