लाँग आयलंडवर कालक्षेप करण्याची रीत

ज्या गृहस्थाची आठ दिवसांची रजा मंजूर झाली आहे, ती कोठे खर्ची घालावी याविषयी ज्याच्या घरी एकमत होत नाही, आणि रिकामा वेळ पाहिला की कोरा राहिलेला रकाना पाहिल्यासारखे ज्यास अस्वस्थ वाटते, त्याच्याकरिता हे मार्गदर्शन आहे. स्थळ म्हणून मध्य अंदमानातील लाँग आयलंड मुक्रर केले आहे. येथे एके काळी प्लायवुडचा कारखाना होता. तो बंद पडला, आणि मागे उरली ती थोडी वस्ती, नारळी-पोफळी, घनदाट रान, व विपुल शांतता, जिची विल्हेवाट कशी लावावी हे कोणत्याही खात्याने अद्याप ठरविलेले नाही.

प्रस्थानापूर्वी ‘अंदमान’ हा शब्द वडीलधाऱ्यांसमोर जपून उच्चारावा. सावरकर 1911 पासून 1921 पर्यंत तेथील सेल्युलर जेलमध्ये होते हे मराठी मुलास शाळेत जाण्याआधीच ठाऊक होते. माझ्या मामांनी बेत ऐकून वर्तमानपत्रातून डोके वर न काढता, ‘‘किती वर्षांची झाली?’’ एवढेच विचारले.

बेटावर उतरताच प्रथम घड्याळास बडतर्फ करावे. मुंबईहून हे बेट वीस रेखांश पूर्वेस असल्याने सूर्य येथे सुमारे 80 मिनिटे आधी हजर होतो. सरकारी वेळ मात्र दोन्हीकडे एकच. परिणामी डिसेंबरात पाचच्या आत सूर्यास्त होतो, आणि दुपारच्या चहाची वेळ झाली असे समजून चूल पेटवावी तो दिवा लावण्याची वेळ आलेली असते.

दिवसाचे मुख्य कार्य म्हणजे ओहोटीच्या वेळी खडकांवर हिंडून प्रवाळ, समुद्रकाकड्या आणि डबक्यांत अडकलेले रंगीत मासे यांची पाहणी करणे. येथे मला एक कबुली देणे भाग आहे. आम्हा कोकणच्या माणसांस तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याची विद्या आजोबांकडून वारसाहक्काने मिळालेली असते. त्या दिवशी कृष्ण चतुर्दशी होती. चौदाची पाऊणपट साडेदहा. तेव्हा भरती साडेदहास आणि ओहोटीची परिसीमा पावणेपाचास, असा निकाल देऊन मी साडेतीनास निश्चिंत मनाने खडकांवर उतरलो. किनाऱ्यावरून आमचे यजमान, ज्यांना सारे बेट दादा म्हणते, ‘‘बाबू, पानी चढ़ रहा है!’’ असे ओरडू लागले, तेव्हा पाणी अद्याप तासभर उतरत राहणार आहे हे गणित मी त्यांना हातवारे करून समजावून दिले. आणि ते समजावणे चालू असतानाच पाणी माझ्या गुडघ्यांवर आले होते. चंद्र सर्वांचा एकच असला तरी तळाचा उतार आणि किनाऱ्याचा आकार यांमुळे प्रत्येक बंदराचा भरतीचा शिरस्ता निराळा असतो, ही गोष्ट आजोबांनी सांगितली नव्हती, कारण त्यांना हर्णैच्या पलीकडे कधी जावेच लागले नव्हते. मी कमरेइतक्या पाण्यातून, चपला डोक्यावर घेऊन, सूर्यास्ताबरोबर परतलो. दादा काही बोलले नाहीत. चहा मात्र त्यांनी दोनदा दिला.

लालाजी बे नामक पुळणीकडे रानातून पायवाट जाते. जावे, बसावे, परत यावे. यापेक्षा अधिक सूचना देणे म्हणजे त्या पुळणीचा अवमान होईल. खारफुटीच्या खाड्यांत मात्र पाय बुडवू नये, कारण तेथे मगरींची वहिवाट जुनी आहे.

आता रात्र. जेवण सातास आटोपते, आणि पुढे दहा-अकरा तास हाती शिल्लक राहतात, ज्यांचा विनियोग झोपेने होतो असे मानणाऱ्याने कधी बेटावर झोपून पाहिलेले नाही. अशा वेळी हाती मंद विजेरी घेऊन पुळणीवर जावे व खेकड्यांची बिऱ्हाडे पाहावीत. हे खेकडे गोगलगाईंनी मागे ठेवलेल्या शंखांत राहतात, आणि अंग वाढले की मोठी जागा शोधतात. एखादा प्रशस्त शंख रिकामा सापडला की ते लहानमोठेपणाच्या क्रमाने रांग धरतात. सर्वांत मोठा नव्या जागेत शिरला की त्याची जागा दुसरा घेतो, दुसऱ्याची तिसरा, आणि काही क्षणांत सारी आळी बिऱ्हाड हलविते. ना पागडी, ना दलाल, ना वकील. गिरगावात घर शोधलेल्या माणसाच्या डोळ्यांत ते पाहून पाणी येते. म्हणून शंख उचलून पिशवीत घालण्यापूर्वी आपण कोणाची जागा बळकावीत आहो याचा विचार करावा. प्रवाळास तर हातही लावू नये. मेलेला तुकडासुद्धा नेणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे, आणि मामांचा प्रश्न मग थट्टेचा राहत नाही.

अमावास्येच्या आसपास, दैव अनुकूल असेल तर, पाण्यात हात फिरविताच निळसर ठिणग्या उठतात. हा सूक्ष्म जीवांचा प्रकाश आहे हे मला पूर्णपणे ठाऊक होते. तरीही मी अर्धा तास हात फिरवीत बसलो.

परतीच्या दिवशी धक्क्यावर वेळेच्या आधी जावे. मी गेलो, तो फळ्यावर बोटीच्या नावापुढे खडूने ‘रद्द’ लिहिलेले होते; समुद्र खवळला होता. रजा वाढवून मिळावी असा अर्ज मी तेथेच बाकावर बसून, योग्य त्या नम्रतेने, दोन प्रतींत लिहिला. तो अर्ज घेऊन जाणारी बोटही तीच होती.