कोजागिरीला फ्रेंच पिक्चर

आधीच सांगून टाकते, मी तो पिक्चर पाहिलेला नाही. डोळ्यांवर हात होते. बोटांच्या फटीतून जे दिसलं तेवढंच. आता माझी बोटं जरा विरळ आहेत, त्याला मी काय करणार?

झालं असं. आमची सोसायटी विरार पश्चिमेला. दरवर्षी कोजागिरीला गच्चीवर मसाला दूध, भेंड्या आणि कुणातरी काकांचं एक लांबलेलं भावगीत, एवढाच कार्यक्रम. यंदा पोरांनी प्रोजेक्टर आणला, पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर चादर ताणली आणि जाहीर केलं की सिनेमा दाखवणार. कुठला? फ्रेंच.

फ्रेंच हा शब्द खाली वॉचमनपर्यंत पोचायला दहा मिनिटं लागली नाहीत. वार्षिक सभेला ज्यांच्या नावाने कोरम अडतो, ते सगळे पुरुष नऊच्या ठोक्याला इस्त्रीचे शर्ट घालून पहिल्या दोन रांगांत. गुडघ्यांमुळे घराबाहेर न पडणारे ए विंगचे आजोबा, लिफ्ट बंद असताना, पाच मजले चढून आले. एकांनी तर अत्तर लावलं होतं. नाव सांगत नाही, पण वास टाकीपर्यंत येत होता.

सेक्रेटरीसाहेबांनी आपलं कर्तव्य म्हणून विचारलं, "गोष्ट काय आहे रे?" पोरं म्हणाली, "काका, एक शाकाहारी मुलगी असते. ती पशुवैद्यकीय कॉलेजात शिकायला जाते." साहेब खूश. त्यांची भाची परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजसाठी अभ्यास करतेय. त्यांनी स्वतः चौथ्या मजल्यावरच्या काकूंना बोलावणं धाडलं, ज्या कांदा-लसूणही खात नाहीत. म्हणाले, "वहिनी, खास तुमच्यासारखा विषय आहे."

आणि पोरांनी एक अक्षर खोटं सांगितलं नव्हतं हो! ज्युलिया दुकुर्नो नावाच्या बाईंचा 2016 चा 'रॉ'. फ्रेंचमध्ये नाव 'ग्राव्ह'. मुलगी शाकाहारी, आईबाप शाकाहारी, कॉलेज जनावरांच्या डॉक्टरांचं. मग रॅगिंगमध्ये सीनियर तिला सशाचं कच्चं मूत्रपिंड गिळायला लावतात. इथपर्यंत काकूंनी फक्त पदर तोंडाला लावला होता. पुढे त्या मुलीच्या अंगावर पुरळ उठतं आणि हळूहळू तिला मांस आवडायला लागतं. आणि मग तिची थोरली बहीण तिचं वॅक्सिंग करायला बसते. कुठलं वॅक्सिंग ते मी लिहिणार नाही, मासिक घरोघरी जातं. त्या क्षणी पहिल्या रांगेतल्या खुर्च्या एक वीतभर पुढे सरकल्या, एवढं मी शपथेवर सांगते. आणि नेमकी तिथेच कात्री आली. झटापटीत थोरलीचं बोट तुटलं. थोरली बेशुद्ध. धाकटीने ते बोट उचललं, न्याहाळलं, आणि दूध पीत असाल तर पेला खाली ठेवा, कोंबडीचा पंख कुरतडावा तसं कुरतडलं.

पहिली रांग रिकामी व्हायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात विरार लोकलचा डबाही भरत नाही. आजोबा पाच मजले उतरून गेले. अत्तरवाले कठड्याला धरून चंद्र बघत उभे राहिले. सेक्रेटरीसाहेब "टाकीचा कॉक बघून येतो" म्हणून गेले ते टाकीमागेच राहिले.

बायका मात्र जागच्या हलल्या नाहीत. मला धक्का बसला तो ह्याचा.

सरकारी इस्पितळातून निवृत्त झालेल्या आमच्या सिस्टर वैतागून म्हणाल्या, "अगं, बोट स्वच्छ पिशवीत घालून ती पिशवी बर्फात ठेवायची असते! कसली डॉक्टर होणार ही?" अर्नाळ्याच्या वहिनी, ज्यांचं आयुष्य मासळीच्या टोपल्यांत गेलं, त्यांचं म्हणणं पडलं की रक्ताचा रंग चुकलाय, एवढं लाल राहत नाही, लगेच काळं पडतं. आणि चौथ्या मजल्यावरच्या काकू? मी म्हटलं आता ह्यांना चक्कर येणार. त्या ताठ बसून म्हणाल्या, "मी चाळीस वर्षं सांगतेय. एकदा मांस तोंडाला लागलं की माणूस कुठवर जाईल सांगता येत नाही." तेव्हापासून त्या ह्या पिक्चरच्या सगळ्यात मोठ्या प्रचारक आहेत. सून अंडी आणायला निघाली की त्या म्हणतात, "आण, आण. आधी अंडं, मग बोट." मी त्यांना विचारलंही, एवढी आतडी-कातडी तुम्हाला बघवते कशी? तर म्हणाल्या, नृसिंहाने हिरण्यकशिपूचं काय केलं होतं, बेदाणे वाटले होते?

हा 'रॉ' टोरंटोच्या महोत्सवात दाखवला तेव्हा काही प्रेक्षक बेशुद्ध पडले, रुग्णवाहिका बोलवावी लागली. आमच्याकडे फक्त दुधाला साय आली.

तर हे वेड आता सोसायटीभर पसरलंय. आमचा भाचा नालासोपाऱ्याहून चर्चगेटला जातो, त्या प्रवासात फोनवर हेच बघतो. त्याने मला सगळी कुंडली सांगितली. 2000 च्या आसपास फ्रान्समध्ये एकदम हे रक्ताचं पीक आलं. जेम्स क्वांट नावाच्या समीक्षकाने 2004 मध्ये वैतागून त्याला 'न्यू फ्रेंच एक्स्ट्रीमिटी' असं नाव ठेवलं. ठेवलं म्हणजे शिवी दिली. पण चाहत्यांनी ती शिवी बिल्ल्यासारखी छातीवर लावली. अलेक्झांद्र आजाचा 'हाय टेन्शन' 2003 चा. त्यात खाटकासारखा एक माणूस शेतातल्या घरात शिरतो. 2007 च्या 'इनसाइड'मध्ये ख्रिसमसच्या आदल्या रात्री दिवस भरलेल्या बाईच्या घरात दुसरी बाई कात्री घेऊन शिरते, पोटातलं मूल हवं म्हणून. मी म्हटलं, पुढे सांगू नकोस. त्याने सांगितलं. मीही ऐकलं, सांगणाऱ्याचा अपमान कसा करणार?

आणि आपण फ्रेंच म्हटलं की काय समजत होतो? अत्तर, वाइन आणि चुंबन. अहो, पॅरिसमध्ये ग्रां गिन्योल नावाचं खास रक्ताचं नाटकघर होतं. 1897 साली सुरू झालं ते 1962 पर्यंत चाललं. जागा कुठली, तर जुनं चॅपेल. छताशी लाकडी देवदूत तसेच ठेवलेले, आणि खाली रंगमंचावर डोळे काढताहेत. जेमतेम 300 खुर्च्या. माक्स मोरे नावाचा मालक म्हणे प्रयोग किती रंगला ते किती माणसं बेशुद्ध पडली त्यावरून ठरवायचा, आणि त्यासाठी त्याने डॉक्टर ठेवला होता. पॉला माक्सा नावाची नटी तिथे म्हणे दहा हजारांहून अधिक वेळा मेली. आपल्याकडे एवढ्या वेळा फक्त मालिकेतल्या सासवा मरतात, आणि त्याही परत येतात.

चॅपेलचं ऐकून आमच्या गासच्या आंटी भडकतील असं वाटलं होतं. आंटी रोज चर्चला जाणाऱ्या, लेंटमध्ये मटणाला हात न लावणाऱ्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "आमच्या गोन्सालोचं काय झालं माहीत आहे ना?" वसईत कुणाला माहीत नसणार? वसईत जन्मलेला संत गोन्सालो गार्सिया. इथलं कॉलेज त्याच्या नावाचं, गासचं चर्च त्याच्या नावाचं. जपानात त्याला आणि त्याच्या साथीदारांना पकडलं, डावे कान कापले, थंडीत क्योतोहून नागासाकीपर्यंत चालवत नेलं, आणि 5 फेब्रुवारी 1597 ला क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकलं. 1862 मध्ये तो संत ठरला. आंटी म्हणाल्या, "मी हे सात वर्षांची असताना कॅटेकिझमच्या वर्गात ऐकलं. तेव्हा कुणी वयाचा दाखला मागितला नव्हता."

मग भाच्याच्या यादीत त्यांना 'मार्टर्स' दिसला. मार्टर म्हणजे हुतात्मा, आंटींना वाटलं धार्मिक असेल, गुड फ्रायडेला दाखवू या. पोरांचे चेहरे पडले. पास्काल लोजिएचा हा 2008 चा सिनेमा. फ्रान्समध्ये आधी 18 वर्षांखालच्यांना बंदी घातली होती, सिनेमावाल्यांनी आरडाओरडा केल्यावर वय 16 वर आणलं. त्यात श्रीमंत म्हाताऱ्यांची एक मंडळी मुलींना छळून छळून बघते की मरणाच्या दारात त्यांना पलीकडचं काही दिसतं का. आंटींनी पूर्ण पाहिला. मला विचाराल तर मला तो सोसला नाही. शेवटचा अर्धा तास त्या पोरीला नुसतं मारतात. मसाला फार, मासा नाही. आंटींचं मत वेगळं. "गोन्सालोला काय दिसलं असेल, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. ह्यांनी निदान विचारलं." त्यावर काय बोलणार? मी आंटींनी तळलेले फुगे खाल्ले.

खरी खमंग गोष्ट पुढे आहे. त्याच दुकुर्नोबाईंचा 'तितान'. आई स्त्रीरोगतज्ज्ञ, वडील त्वचारोगतज्ज्ञ, आणि मुलगी हे काढते! त्यात एका बाईला दिवस जातात. कोणापासून? मोटारगाडीपासून! भिशीत मी हे सांगितलं तेव्हा एकीच्या हातातला ढोकळा पडला. आणि अशा सिनेमाला 2021 मध्ये कानच्या चित्रपट महोत्सवाचं सगळ्यात मोठं पारितोषिक. तेसुद्धा कसं जाहीर झालं, तर परीक्षकांचे अध्यक्ष स्पाइक ली ह्यांनी समारंभाच्या सुरुवातीलाच, पहिलं बक्षीस कुठलं असं विचारल्यावर, पहिल्या नंबराचं नाव फोडलं. आमच्या हळदीकुंकवाच्या लकी ड्रॉमध्येसुद्धा अशी चूक होत नाही.

आणि दुसरी फ्रेंच दिग्दर्शिका, कोराली फार्जा! तिच्या 'रिव्हेंज'मध्ये एवढं रक्त सांडलं की सेटवर खोटं रक्त वारंवार संपायचं. आमच्या टँकरसारखंच म्हणायचं, फक्त तिथे फोन केल्यावर येत असेल. पुढे तिचा 2024 चा 'द सबस्टन्स'. पन्नाशीची नटी इंजेक्शन घेते आणि तिच्या पाठीतून तिचीच तरुण आवृत्ती बाहेर पडते. 2025 मध्ये त्याला मेकअप आणि केशरचनेचं ऑस्कर मिळालं. कानला त्याच 2024 साली फ्रेंच पैशाच्या मदतीने झालेला आपल्या पायल कपाडियाचा सिनेमाही होता. मुंबई, लोकल, नर्सेस, रत्नागिरीचा समुद्र, ग्राँ प्रीसुद्धा मिळालं. भिशीत मी तो लावला तेव्हा तिघी म्हणाल्या, लोकल रोजच बघतो, पाठ फाटणारं लाव.

'द सबस्टन्स' लावला आणि मी पहिल्यांदा भिशीत शांतता पाहिली. डेमी मूर आरशासमोर बसून ओठांचा रंग पुसते, पुन्हा लावते, पुन्हा पुसते आणि शेवटी बाहेर जातच नाही, त्यावर कुणी ओरडलं नाही. पाठ फाटली तेव्हा ओरडल्या, पण त्या ओरडण्यात जरा मजा होती. आपल्या 'लपाछपी'त उसाच्या फडात अडकलेली गरोदर पूजा सावंत बघून जो गोळा पोटात आला होता, तो इथे आरशापाशी आला. भूत नाही, भगत नाही, लिंबू-मिरची नाही. आपलं अंग, तेवढंच. बाळंतपण, विळीवरचा मासा, दर महिन्याचा हिशोब हे सगळं उरकून आलेल्या बाईला रक्त दाखवून घाबरवणं कठीण आहे. ते पहिल्या रांगेचं काम. दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या एकीने तारुण्य टिकवणारं महागडं क्रीम सुनेला देऊन टाकलं. प्रेमाने की कसं, ते मी विचारलं नाही.

सोसायटीच्या फळ्यावर मात्र नोटीस लागली आहे: "यापुढे गच्चीवर फक्त कौटुंबिक चित्रपट दाखवावेत." त्याखाली कुणीतरी पेन्सिलीने लिहिलंय, "त्यात आई, बाबा आणि दोन बहिणी होत्या."

परवा लिफ्टमध्ये सेक्रेटरीसाहेब भेटले. दार बंद झालं, साहेबांनी वर आकड्यांकडे बघितलं, घसा खाकरला आणि हळूच म्हणाले, "वहिनी, मी टाकीमागे होतो त्यामुळे नीट कळलं नाही. शेवटी तो बाप शर्टाची बटणं काढतो म्हणे. आत काय असतं?"

मी म्हटलं, "आधी माझ्या बाथरूमची गळती काढा. मग सांगते."