पावणेबाराची भूक

(लोणी काळभोर. सोलापूर रस्त्यापासून थोडं आत एक दुमजली घर. वर कॉलेजची मुलं भाड्यानं, खाली घरमालक. रात्रीचे पावणेबारा. भाडेकरू चपला हातात घेऊन जिना उतरतो. ओट्यावर घरमालकीण काकू बसलेल्या, मांडीवर पार्सल.)

भाडेकरू : अरे, काकू! जाग्या आहात?

काकू : बेल वाजली की जाग येतीच. तुझा फोन बंद लागत होता म्हणून त्या पोरानं हे माझ्या हातात कोंबलं आन् गाडीला किक मारली.

भाडेकरू : बॅटरी संपली होती. सॉरी हं. द्या.

काकू : देते की. आत काय हाय?

भाडेकरू : काही नाही, असंच लाइट काहीतरी.

काकू : पिशवीला तेल सुटलंय.

भाडेकरू : गार्लिक ब्रेड आहे. चीजवाला. आणि फ्राइज. फ्राइज फ्री आहेत बरं का! अडीचशेच्या वर ऑर्डर गेली की फ्री.

काकू : आन् तुझी भूक केवढ्याची होती?

भाडेकरू : साधारण सव्वाशेची.

काकू : म्हंजे फुकटच्या बटाट्यासाठी भूक दुप्पट केलीस. बस इथं. आज दिवसभरात काय खाल्लंस ते सांग.

भाडेकरू : काकू, गार होईल ते.

काकू : मग लवकर सांग. सकाळी?

भाडेकरू : सकाळी कॉफी.

काकू : दुपारी?

भाडेकरू : माझं डॉक्टर दीक्षितांचं डाएट चालू आहे. दिवसातून दोनदाच जेवायचं.

काकू : बरं. दुपारी काय जेवलास?

भाडेकरू : कॅन्टीनला फार रांग होती. सोडलं.

काकू : म्हंजे दोनातलं एक गेलं. संध्याकाळी?

भाडेकरू : समोसा. पण तो मी जेवणात धरत नाही.

काकू : आरं, आमच्या सुनेनं केलंय ते दीक्षितांचं. मला समदं पाठ हाय. कडकडून भूक लागायच्या दोन वेळा ओळखायच्या, पंचावन्न मिनिटांत जेवण उरकायचं, मधी तोंड हलवायचं न्हाई. ह्यात पावणेबारा कुठं बसतात?

भाडेकरू : रात्री मी आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचं फॉलो करतो. त्या म्हणतात, उपाशी राहू नका.

काकू : दिवसा दीक्षित आन् रात्री दिवेकर! त्या दोघांचं आपसात पटत न्हाई म्हणून अख्खा महाराष्ट्र भांडला, आन् तू दोघांना एकाच पोटात भाडेकरू ठेवलंस. आन् दिवेकरबाई तर सांगतात, संध्याकाळी चार ते सहाच्या मधी नीट काहीतरी खा. ते ऐकलंस का?

भाडेकरू : त्या वेळेला आमचा स्टुडिओचा तास असतो. काकू, खरं सांगू? यात माझा दोष नाही, हा विज्ञानाचा विषय आहे. उद्या माझी ज्युरी आहे, म्हणजे प्रोजेक्टची परीक्षा. प्रोजेक्टच भुकेवर आहे. मी ॲप डिझाइन केलंय, रात्रीच्या भुकेवर नियंत्रण ठेवणारं.

काकू : कुणाच्या भुकेवर?

भाडेकरू : युजरच्या. रात्री दहानंतर काही मागवायला गेलं की ॲप विचारतं, तुम्हाला खरंच भूक लागलीय का?

काकू : मग तुला विचारलं न्हाई व्हय?

भाडेकरू : बॅटरी संपली होती ना. पण रिसर्च बघा माझा. पोटात घ्रेलिन नावाचं संप्रेरक तयार होतं, ते मेंदूला सांगतं की खा. १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी शोधलं. झोप कमी झाली की ते वाढतं, आणि पुरे झालं म्हणून सांगणारं लेप्टिन उतरतं. मी तीन दिवस नीट झोपलेलो नाही. म्हणजे हा गार्लिक ब्रेड मी नाही, घ्रेलिननं मागवलाय.

काकू : पैसे कुणी दिले?

भाडेकरू : बाबांनी. अजून ऐका. २०१३ साली अमेरिकेत काही माणसांना मंद उजेडात ठेवून अभ्यास केला. केव्हा झोपले, केव्हा जेवले याचा परिणाम बाजूला काढला, तरी भूक सकाळी आठच्या सुमाराला सगळ्यात कमी आणि रात्री आठच्या सुमाराला सगळ्यात जास्त. शरीरातलं घड्याळच तसं आहे!

काकू : आठला ना?

भाडेकरू : हो.

काकू : मग आठला जेव. पावणेबारा कुणाच्या घड्याळात वाजले?

भाडेकरू : (थोडं थांबून) हा प्रश्न ज्युरीत कोणी विचारला नाही म्हणजे मिळवली.

काकू : आमच्याकडं म्हण हाय, खाईन तर तुपाशी न्हाईतर उपाशी. दिवसभर पोटाला उधारीवर ठेवायचं आन् रात्री ते वसुलीला आलं की घ्रेलिनच्या नावानं बोंब मारायची. बरं, आता तरी झोपणार हायेस का?

भाडेकरू : छे, प्रिंटआउट लावायचेत. आधी कॉफी करतो.

काकू : आता कॉफी?

भाडेकरू : तेही प्रोजेक्टमध्ये आहे. कॅफिनचा निम्मा अंमल उतरायला पाच-एक तास लागतात. म्हणजे आता प्यायलो तर पहाटे पाचलासुद्धा अर्धी कॉफी रक्तात.

काकू : मग झोप न्हाई, मग तुझं ते घ्रेलिन, मग उद्या पुन्हा पार्सल. ॲपवाल्यांचा आन् पार्सलवाल्यांचा धंदा एकच दिसतोय.

भाडेकरू : तसं नाही हो. मी हेल्दीसुद्धा खातो. वर ठेवलंय की सगळं. मल्टिग्रेन बिस्किटं, नाचणी चिप्स, प्रोटीन बार. हे बघा, बिस्किटाचा पुडा खिशातच आहे.

काकू : आण इकडं. चष्मा दे तो. हां. पहिलं नाव काय लिवलंय?

भाडेकरू : मैदा.

काकू : दुसरं?

भाडेकरू : साखर. तिसरं पामतेल. पण पुढे ओट्स आहेत, नाचणी आहे, ज्वारी आहे.

काकू : आमच्या बचत गटानं भाजणी विकायला काढली तवा लेबल छापताना कळलं मला. जे वजनानं जास्त त्याचं नाव आधी टाकावं लागतं, कायदाच हाय. ह्यात नाचणी कितवी?

भाडेकरू : मिठाच्या नंतर.

काकू : म्हंजे चिमूटभर मिठापेक्षा कमी. नाचणीचं चित्र मात्र पुड्यावर हातभर. आन् नाचणी चिप्स तळल्यात का भाजल्यात ते बघितलंस कधी?

भाडेकरू : काकू, तुम्हीच माझ्या ज्युरीला बसा. पण रात्री खाणं इतकं वाईट असेल तर वारकऱ्यांचं काय? तुकोबांची पालखी पुण्यातून निघाली की मुक्काम आपल्या लोणीत. पुढच्या मुक्कामाला यवतला अंधार पडल्यावर पिठलं-भाकरीच्या पंगती उठतात. त्यांना कुणी बोलत नाही.

काकू : ते पुण्यापासनं हितवर चालत येतात. तू जिना उतरून आलास. यवतला कुणी चीज घालतं का पिठल्यात? बेसन, कांदा, मिरची, ज्वारीची भाकरी. पोट भरतं, पडल्या पडल्या झोप लागती. आन् इकडं उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम हाय, १९४६ ला गांधीजींनी काढलेला. कधी गेलास?

भाडेकरू : पुढच्या सेमला जाणार आहे. केस स्टडी.

काकू : गांधीजींनी १९१५ ला हरिद्वारच्या कुंभमेळ्यात व्रत घेतलं होतं. दिवसात पाचाच्या वर जिन्नस खायचे न्हाईत, आन् अंधार पडल्यावर काहीच न्हाई.

भाडेकरू : एवढ्या गार्लिक ब्रेडमध्येच पाचाच्या वर जिन्नस आहेत.

काकू : म्हणून तर म्हणते. (उठू लागतात. मागे झाकलेली वाटी लवंडते.)

भाडेकरू : काकू, हे काय सांडलं?

काकू : काय न्हाई.

भाडेकरू : शेव आहे ही. तिखट. पावणेबाराला!

काकू : माझी गोष्ट येगळी. मला शुगर हाय. डॉक्टर म्हणले, गोळ्या चालू हायेत, रात्री उपाशीपोटी झोपू नका, साखर उतरंल.

भाडेकरू : शेव खा म्हणाले?

काकू : काहीतरी खा म्हणले.

भाडेकरू : आता मी विचारतो. घाम फुटला होता? हातपाय थरथरत होते? छातीत धडधड?

काकू : न्हाई. सिरियल लागली होती.

भाडेकरू : मग ती भूक नव्हती, सवय होती. माझ्या बाबांनाही शुगर आहे, आम्हाला घरी पाठ करून घेतलंय. साखर खरंच उतरली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्यायची, पंधरा मिनिटांनी मशीनवर तपासायचं, मग वर दूध नाहीतर भाकरीचा तुकडा. शेवेचा तिथे काही उपयोग नाही. तेलकट असली की साखर रक्तात चढायला उलट वेळ लागतो. आणि रोज रात्री असं व्हायला लागलं तर डॉक्टरांकडून गोळ्यांचाच हिशोब बघून घ्यायचा.

काकू : (वाटी पदराआड घेत) हे मात्र तुझ्या ॲपमधी टाक.

काका : (आतून) अगं, लसणाचा वास कुठनं येतोय?

काकू : झोपा तुम्ही! ह्यांना बीपी. डॉक्टरांनी मीठ तोडायला सांगितलंय.

भाडेकरू : जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला पाच ग्रॅमच्या आत. म्हणजे सपाट चमचाभर. आमच्या नूडल्सच्या एका पाकिटात त्यातला बराच भाग संपतो.

काकू : म्हणून तर रात्री तीनदा पाणी प्यायला उठतोस. वरच्या माठाचा आवाज मला खाली येतो.

भाडेकरू : बरं काकू, मान्य. पण आत्ता पोटात खरोखर कावळे ओरडतायत. विज्ञान, गांधीजी सगळं मान्य. काय खाऊ?

काकू : आधी घोटभर पाणी पी. त्यानंही कावळे गप्प बसले न्हाईत तर भूक खरी. मग मूठभर फुटाणे. फुटाण्यात शंभर ग्रॅममागं वीस-एक ग्रॅम प्रथिनं असतात, बचत गटाच्या पुस्तकात हाय.

भाडेकरू : आणि शेंगदाणे? त्यात तर जास्तच.

काकू : हायेत, पण ते मूठभरच. फोनकडं बघत खायला लागलास की किलोचा डबा तळाला जातो. शंभर ग्रॅममधी साडेपाचशेच्या वर कॅलरी हायेत, दोन-तीन वाट्या भाताएवढ्या. त्यापेक्षा उकडलेलं अंडं खा. न्हाईतर माझ्याकडं सकाळची भाकरी हाय, दुधात कुस्करून देते. तसलं खाल्लं की छातीत जळजळ न्हाई. सासवडहून आणलेली पुरंदरची सुकी अंजिरंही हायेत, दोन घे.

भाडेकरू : दुधात भाकरी! आजी द्यायची लहानपणी. पण हे पार्सल?

काकू : उद्या सकाळी गरम करून खा. दिवसा पोटात गेलं तर हिंडून जिरंल तरी. रात्री असलं तेलकट खाऊन आडवा झालास की ते पोटात तसंच बसतं आन् आंबट ढेकर गळ्याशी येतात. जेवण आन् अंथरूण ह्यात दोन-तीन तास ठेवायचे.

काका : (दारात येऊन) एक तुकडा चाखायला तरी द्या. फ्राइज आहेत का?

काकू : घ्या! तिसरा पेशंट आला.

भाडेकरू : काका, ह्याच्यावर मीठ-मसाला फार आहे हो.

काका : मला मीठ नको. मला नुसता बटाटा पुसून द्या.

काकू : सकाळी उकडून देते, सालासकट. जावा आत. (भाडेकरूला) आन् तू ऐक. तुझं भुकेचं काम रात्री करायचंच न्हाई, संध्याकाळीच उरकायचं. उद्या पाचला तुझा स्टुडिओ सुटतो का?

भाडेकरू : मधे अर्धा तास ब्रेक असतो.

काकू : मग सायकल काढ आन् घरी ये. भाजणीचं थालीपीठ लावते, वर लोणी. ज्वारी, बाजरी, हरभऱ्याची डाळ, उडीद, समदं हाय त्यात. दोन खाल्लीस की रात्री आठपर्यंत समोशाची आठवण येणार न्हाई. आठला डाळ-भात-भाजी जेव, मग बाराला उठून बघ भूक लागती का. पैसे घेणार न्हाई मी, पण कांदा तू चिरायचास. आन् बारीक चिर, मोठा चिरलास की थालीपीठ तुटतं.