सुपर बिल्ट-अप सूक्ष्मदर्शक

मीरा रोडला राहून सूक्ष्मदर्शक घ्यायचं म्हटलं तर लोक आधी ‘कशाला?’ असं विचारतील, अशी माझी समजूत होती. उत्तर तयार ठेवलं होतं. त्यात कुतूहल, निवृत्ती आणि वैज्ञानिक दृष्टिकोन हे तिन्ही शब्द होते आणि ते आरशासमोर म्हणूनही पाहिलं होतं. पण ‘कशाला’ कुणी विचारलंच नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींपासून इस्त्रीवाल्यापर्यंत आणि मेव्हण्यापासून हिच्या भिशीतल्या मैत्रिणींपर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न: “किती पट मोठं दिसतं?”

मेव्हण्याने तर तिथल्या तिथे मोबाइल काढला. “भावोजी, हे बघा. दोन हजार पट! नवंकोरं, घरपोच. वर चिमटा आणि मेलेली मधमाशी फुकट. आणि तुम्ही जुनं शोधताय, तेही चारशे पटवालं?”

आता हे समजावून सांगायला मीरा-भाईंदरइतकं सोयीचं गाव नाही. इथे प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी सहाशे पन्नास स्क्वेअर फुटांचं घर घेतलेलं आहे आणि आत पाऊल टाकल्यावर ते चारशेचं निघालेलं आहे. सूक्ष्मदर्शकाची ‘पट’ म्हणजे सुपर बिल्ट-अप एरिया. कार्पेट एरिया शेजारी बारीक अक्षरात लिहिलेला असतो. खालच्या प्रत्येक भिंगाच्या नळीवर दोन आकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ ४०/०.६५. पहिला सगळे वाचतात. दुसरा, म्हणजे न्यूमरिकल अॅपर्चर, सांगतो की हे भिंग प्रकाशाचा केवढा कोन आत घेतं आणि त्यामुळे किती जवळचे दोन ठिपके वेगळे दाखवू शकतं. या दुसऱ्या आकड्याला साधारण हजाराने गुणलं की उपयोगाची मर्यादा मिळते. ०.६५ असेल तर साडेसहाशे पट. त्यापुढे नवीन काही दिसत नाही, जे अंधुक दिसत होतं तेच मोठं होऊन अंधुक दिसतं. तेल लावून वापरायचं शंभराचं भिंग असतं, त्याचा आकडा बहुधा १.२५, म्हणजे साडेबाराशे. त्यावर विसाचा आयपीस बसवला की झाले कागदोपत्री दोन हजार. उरलेल्या साडेसातशे पटींत जिना, लॉबी आणि लिफ्टची डक्ट.

२०१६ च्या रेरा कायद्याने बिल्डरांना कार्पेट एरियावर आणलं. सूक्ष्मदर्शकांना रेरा नाही. मेव्हण्याला हे सगळं पटलं, निदान तो गप्प बसला. मग म्हणाला, “पण मधमाशी फुकट होती.”

जुनंच का, याला कारण होतं. शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांतली बरीचशी यंत्रं अंबाल्याची. लोखंड-पितळेची, वजनदार, उचलताना कमरेला आठवण करून देणारी. कॉलेजं ती कधीतरी मोडीत काढतात. पॅथॉलॉजीवाल्यांकडे रक्तपेशी मोजायची स्वयंचलित मशिनं आली, तेव्हापासून तिथलीही बरीच कपाटावर जाऊन बसली. तेवढ्याच पैशांत नवं घेतलं तर प्लास्टिकचं खेळणं मिळतं. कुणीतरी फोल्डस्कोपचं सुचवलं. मनू प्रकाश यांनी स्टॅनफर्डमध्ये केलेला, घडी घालायचा कागदी सूक्ष्मदर्शक, २०१४ साली गाजला होता. मला त्याबद्दल आदर आहे. तो खिशात मावतो, पाण्यात पडला तरी चालतो. पण मला नॉब फिरवायचे होते. दोन्ही हातांनी, एक डोळा मिटून, चेहऱ्यावर गंभीर भाव आणून. कागदाच्या घडीवर ते करता येत नाही.

तेव्हा भाईंदरहूनच सुटणारी लोकल धरली (आमच्याकडे हा एक खराखुरा ऐषआराम आहे, बसायला मिळतं) आणि मरीन लाइन्सला उतरून प्रिन्सेस स्ट्रीट गाठला. रस्त्याचं नाव केव्हाच शामलदास गांधी मार्ग झालेलं आहे, पण ते फक्त पाट्यांना माहीत आहे. औषधं, काचसामान, व्हीलचेअर आणि सांगाडे यांच्यामधून वाट काढत एका दुकानात जुनं यंत्र सापडलं. भिंगावर १६०/०.१७ असं लिहिलेलं पाहून मला बरं वाटलं. म्हणजे नळीची लांबी १६० मिलिमीटर आणि वरची कव्हर स्लिप ०.१७ मिलिमीटर जाडीची धरून हे भिंग घासलेलं आहे. पण शेजारच्या भिंगावर आडव्या आठासारखं अनंताचं चिन्ह होतं. ही वेगळ्याच घराण्याची भिंगं, त्यांना वेगळी नळी लागते. दोघांना एका यंत्रावर बसवलं तर संसार होत नाही. मी दुकानदाराला विचारलं, “हे इथे कसं?” त्याने चिन्हाकडे कौतुकाने पाहिलं आणि म्हणाला, “साहेब, इसको लिमिट ही नहीं है।”

चोर बाजारातही गेलो. मटण स्ट्रीटवर पितळी सूक्ष्मदर्शक इतके देखणे मिळतात की माणूस भिंगातून बघायचं विसरून भिंगाकडे बघत बसतो. एकावर लंडनच्या कारागिराचं नाव कोरलेलं होतं आणि नळीच्या आत कालचं पॉलिश अजून ओलं होतं. त्यातून मी दुकानातल्या ट्यूबलाइटकडे पाहिलं. ट्यूबलाइट दिसली. विक्रेत्याने हा यंत्राचा विजय मानला.

दरम्यान घरी यंत्र घेण्याविषयी चर्चासत्रं चालू होती. सेक्रेटरींना काळजी, की जुन्याचं भिंग फुटलं तर दुसरं कुठून आणणार? मी सांगितलं, भिंगाच्या चुडीचं माप एकोणिसाव्या शतकातच ठरून गेलंय. लंडनच्या मायक्रोस्कोपिकल सोसायटीने ठरवलं, की चुडीचा व्यास ०.८ इंच आणि इंचाला छत्तीस आटे. तेव्हापासून एका कंपनीचं भिंग दुसरीच्या यंत्रावर बसतं. सेक्रेटरी बराच वेळ विचारात पडले. मग म्हणाले, “म्हणजे सोसायटीने ठराव केला, आणि तो सगळ्यांनी पाळला?” त्यांना चुडीपेक्षा हेच अविश्वसनीय वाटलं.

खरी अडचण मात्र वेगळीच आहे, ती म्हणजे आमच्या गावची हवा. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र, मधे मिठागरं. जुलैत कपाटातल्या चपलांना हिरवी लव येते, पापड तळायच्या आधीच नरम पडतात आणि भिंगांना बुरशी धरते. भिंगावरच्या पातळ लेपावर ती धागे पसरते, पुढे लेप खाते, मग काचही कोरते. तेव्हा जुनं यंत्र पाहायला जाताना खिशात टॉर्च हवी. भिंग चुडीतून काढायचं, मागून टॉर्च मारायची आणि तिरकं बघायचं. धुळीचे कण दिसले तर हरकत नाही. फांद्या फुटलेलं जाळं दिसलं तर नमस्कार करून निघायचं. पुढच्या टोकाची काच पाहायला आयपीस काढून उलटा धरावा, तो उत्तम भिंगाचं काम करतो. या एका युक्तीने मला विक्रेत्यांमध्ये जो मान मिळवून दिला, तो तीस वर्षांच्या नोकरीने दिला नव्हता. बुरशी बघण्यासाठी यंत्र घ्यायचं आणि ती आधीच आत राहायला आलेली असायची, हा प्रकार मी दोन ठिकाणी पाहिला. एका विक्रेत्याने तर तो फायदा म्हणून सांगितला.

हिची अट वेगळी होती. “ज्यातून लोकांचं रक्त-लघवी-थुंकी बघितली, ते माझ्या ओट्याजवळ येणार नाही.” मी म्हटलं, स्पिरिटने पुसू. ती म्हणाली, “मग भिंग जाईल ना, तुम्हीच सांगितलंत, भिंगाला स्पिरिट नको.” माहिती घरात वाटून ठेवली की ती अशी उलटते.

मी तिला रोनाल्ड रॉसची गोष्ट सांगितली. ऑगस्ट १८९७, सिकंदराबादेतली बेगमपेठ. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजलेले. शिल्लक राहिलेल्या एकुलत्या एक आयपीसला तडा. पंखा चालवावा तर चिरलेले डास उडून जातात, म्हणून तोही बंद. हे सगळं रॉसनेच लिहून ठेवलंय. आणि त्याच यंत्रातून २० ऑगस्टला त्याला डासाच्या जठराच्या भिंतीवर मलेरियाच्या परजीवीच्या गाठी दिसल्या. १९०२ साली नोबेल. माझा मुद्दा असा, की गंजलेला स्क्रू आणि तडकलेली काच असूनही काम होतं.

“त्यांना नोबेल मिळालं,” ही म्हणाली, “तुम्हाला काय मिळणार, डेंग्यू?”

अखेर यंत्र सापडलं ते घराजवळच, भाईंदर पूर्वेच्या एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये. तिथे नवी मशिनं आली होती आणि दोन जुने सूक्ष्मदर्शक विकायचे होते. सौद्याचे अधिकार डॉक्टरांनी तिथल्या जुन्या टेक्निशियनकडे दिले होते. सगळे त्यांना काका म्हणत, मीही म्हणू लागलो. ते माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान निघाले, पण तोवर उशीर झाला होता.

दोन्ही यंत्रं एकाच कंपनीची, एकाच वर्षी घेतलेली. एक खिडकीजवळ काकांच्या टेबलावर, दुसरं ‘पोरांचं’. पोरांच्या यंत्राचा मोठा नॉब फिरवायला दोन हात लागत होते, आतलं ग्रीस घट्ट होऊन बसलं होतं. चाळिसाचं भिंग काढून पाहिलं तर पुढच्या काचेवर पिवळट साय. हे लॅबमधल्या यंत्रांचं हमखास दुखणं. तेल फक्त शंभराच्या भिंगाला लावायचं असतं. पण घाईत माणूस शंभरावरून मागे चाळिसावर फिरतो, चाळिसाचं टोकही काचेला जवळजवळ टेकलेलंच असतं, ते तेलातून जातं, आणि कुणी पुसत नाही. काकांच्या यंत्राचं चाळिसाचं भिंग मात्र स्वच्छ. स्टेज वर नेऊन सोडलं तरी जागेवर राहत होतं, आपोआप खाली घसरत नव्हतं. कंडेन्सरखालचा पडदा पाकळ्यांसकट शाबूत. खणात लेन्सपेपरची गड्डी होती, आणि तिला हात लावणाऱ्या पोराकडे काकांनी ज्या नजरेने पाहिलं त्यावरून मी मनात सौदा पक्का केला. जुनं यंत्र घेताना आपण आधीच्या मालकाच्या सवयी विकत घेतो; त्या काकांच्या असतील तर पैसे द्यायला हरकत नाही.

फक्त एक चाचणी बाकी होती. त्यासाठी मी पिशवीतून लोणच्याची जुनी बरणी काढली. काकांनी धंद्याच्या सवयीने विचारलं, “स्टूल आहे का?”

“नाही, जेसल पार्क.”

जेसल पार्कच्या कडेला ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलावर सोनेरी-तपकिरी पातळ थर चढतो. तो चमच्याने अलगद खरवडला की त्यात डायटम असतात, वाळूच्याच पदार्थाचं म्हणजे सिलिकेचं कवच असलेली एकपेशीय शैवालं. पाणी ओसरलं की ती उजेडासाठी चिखलातून वर येतात आणि भरतीच्या आधी परत खाली जातात. म्हणजे अप-डाऊन करतात, तेही वेळापत्रकानुसार, जे आमच्या पश्चिम रेल्वेला दररोज जमतंच असं नाही. त्यातल्या प्ल्युरोसिग्मा नावाच्या वाकड्या डायटमच्या कवचावर ठिपक्यांच्या इतक्या बारीक ओळी असतात की व्हिक्टोरिया राणीच्या काळापासून हौशी लोक त्यांच्यावर भिंगाचा कस लावत आले आहेत.

थेंब काचेवर ठेवला, कव्हर स्लिप तिरकी टेकवून सोडली, कडेचं पाणी टिपून घेतलं. आधी दहाच्या भिंगाखाली, मग चाळिसाच्या. मला हवं ते दिसलं. कडा काळ्याभोर आणि स्वच्छ, रंगीत झालर नाही. मी समाधानाने बाजूला झालो आणि काकांना म्हटलं, “बघा ना.”

इथे मी सौदा आधी करून बरणी नंतर उघडायला हवी होती, असं हिचं मत आहे.

काका बसले. त्यांनी आयुष्यभर या यंत्रातून रक्त पाहिलं होतं. पेशी मोजायच्या, पावसाळ्यात मलेरियाचे परजीवी शोधायचे, सही करायची. बारीक नॉबवरचं बोट तेवढं हलत होतं. मग म्हणाले, “चालतंय हे.” थोड्या वेळाने, “दोघं आपटले, आणि मागे फिरले!” मग बराच वेळ काही नाही. बाहेर बाकावर एक गृहस्थ उपाशीपोटीची साखर द्यायला आले होते, ते आत डोकावून “माझं काय?” असं विचारून गेले. काकांनी मान वर केली नाही. स्टेज डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे.

“ही वाकडी कोण?”

“प्ल्युरोसिग्मा.”

“आपल्या खाडीतली?”

“जेसल पार्कची.”

“मी तिथे रोज संध्याकाळी फिरायला जातो,” काका म्हणाले. त्यात तक्रारीचा सूर होता, इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही असा.

मी पाकीट काढलं. काकांनी आयपीसवर टोपी घातली, यंत्रावर प्लास्टिकचं कव्हर चढवलं आणि ते खिडकीच्या बाजूला चार बोटं सरकवलं. “हे नाही द्यायचं,” म्हणाले. “ते घ्या, पोरांचं. दीड हजार कमी द्या.”

मी वाद घातला. बरणी माझी आहे, हेही सांगून पाहिलं. डॉक्टरांशी बोलतो म्हणालो, तर काका शांतपणे म्हणाले, “डॉक्टरांना मी सांगतो, भिंगाला बुरशी निघाली.”

तेव्हा पोरांचं यंत्र रिक्षात मांडीवर घेऊन घरी आलो. लेन्सपेपरला जेमतेम ओलं करण्याइतकं झायलीन लावून चाळिसाच्या भिंगावरची साय उतरवली, पुन्हा पुन्हा, नवा कागद घेऊन. नॉब उघडून रॉकेलने जुनं ग्रीस काढलं, नवं भरलं. एक बारीक स्क्रू हरवला होता, तो इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या लेथवाल्याने, स्टीलच्या डब्यांची ऑर्डर थांबवून, करून दिला. “किती पट दिसतं?” त्यानेही विचारलं, पण पैसे घेतले नाहीत. ओट्याजवळ आणायला बंदी कायम आहे. यंत्र गॅलरीत असतं, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात. सेक्रेटरी टाकीचं पाणी तपासून घ्यायला येऊन गेले. त्यात काहीच दिसलं नाही म्हणून खूश झाले, आणि भिंग फोकस झालेलंच नव्हतं हे मी सांगितलं नाही.

रविवारी सकाळी फोन वाजतो. उचलण्याआधीच ही म्हणते, “काका.” काकांच्या हाताखालची पोरंही आता बघू लागली आहेत आणि डॉक्टरही डोकावून जातात.

“परवाचं सॅम्पल शिळं होतं,” काका म्हणतात. “एकही हलत नव्हता. नवीन आणा. आणि हे बघा, सकाळचं पहिलं आणा.”