हात खाली ठेवण्याची विद्या

हात वर करायला माणूस शाळेत शिकतो. तो खाली ठेवायला मात्र सहकारी गृहनिर्माण संस्थाच शिकवते, आणि आयुष्यातलं सर्वांत मोलाचं शिक्षण हेच, असं माझं मत होत चाललंय.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 प्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. नोटिशीच्या तळाशी ठरलेली ओळ असते : गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच जागी भरेल. जाणते सभासद म्हणूनच दहाच्या सभेला साडेदहाला उतरतात. (राज्यशास्त्राच्या वर्गातही लोकशाहीचा एवढा सखोल अभ्यास होत नसावा.)

नवा सभासद मात्र दहाच्या ठोक्याला येतो, पहिल्या रांगेत बसतो. अहवाल चक्क वाचून आलेला असतो! ‘टाकीच्या दुरुस्तीवर एवढा खर्च दाखवलाय, मग टाकी अजून गळते कशी?’ प्रश्न रास्त. खजिनदार चष्मा पुसू लागतात. मागून कुणीतरी म्हणतं, ‘साहेबांचा अभ्यास दांडगा दिसतोय. कमिटीत असेच तरुण हवेत.’ तरुण बावन्न वर्षांचा असतो. सूचक लगेच मिळतो, अनुमोदक त्याआधीच. टाळ्या थांबेपर्यंत रबरी शिक्का, गच्चीची किल्ली आणि टाकीची फाईल त्याच्या मांडीवर येऊन पडते.

शेवटच्या रांगेत मान खाली घालून, मन लावून वेफर्स खाणारे जे दिसतात, ते सगळे माजी सेक्रेटरी.