उरलेल्या 43 टक्क्यांबाबत

माननीय रेल्वे मंत्रालयास,

जनरल डब्यातील समस्त प्रवाशांचा साष्टांग नमस्कार. (उभ्यानेच गोड मानून घ्यावा, आडवे व्हायला जागा नाही.)

विनंती विशेष. प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी 57 टक्केच आमच्याकडून वसूल होतात, असे आपण तिकिटावरच छापता. इतकी जाहीर उधारी किराणा दुकानदारही काढत नाही. आमची बाजू एवढीच की, तिघांच्या बाकावर आम्ही पाच जण बसतो. म्हणजे माणशी बाक 60 टक्के. वरचे 3 टक्के आम्ही लाटले, हे कबूल.

आमचा तोटा आपण मालगाडीच्या भाड्यातून भरून काढता, हेही ठाऊक आहे. त्यातले मोठे गिऱ्हाईक कोळसा. तो पाणी मागत नाही, खिडकीसाठी भांडत नाही. पण महाग भाडे भरून तो दीपनगरच्या, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात पोचतो, तिथे त्याची वीज होते आणि त्या भाड्याचा बोजा लाइटबिलातून आमच्याच दारात येतो. तेव्हा 43 पैकी थोडे फिटले, अशी नोंद व्हावी.

बाकीचे हप्तेही चालू आहेत. ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 मध्ये कोविडपायी थांबवलीत. कोविड गेला, सवलत काही आली नाही. वेटिंगचे तिकीट कन्फर्म झाले नाही, तर न घडलेल्या प्रवासाचेही शुल्क कापता. पॅसेंजरला एक्सप्रेस म्हणू लागलात आणि किमान भाडे 10 चे 30 झाले. ते फेब्रुवारी 2024 मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, उतरले. योगायोग गोड होता.

तसे पाहता 2023-24 मध्ये 100 रुपये मिळवायला आपले 98 रुपये 43 पैसे खर्च झाले. उरलेल्या दीड रुपयात नवे रूळ पडत नाहीत; त्यासाठी अर्थमंत्र्यांपुढेच हात पसरावा लागतो. 1924 पासून वेगळा मांडला जाणारा रेल्वे अर्थसंकल्प 2017 मध्ये त्यांच्याच पोतडीत गेला. हल्ली 'वंदे भारत'चे कौतुक खूप ऐकू येते, हिशेब कमी.

आता थट्टा पुरे. भाडे वाढवायचे तर किलोमीटरमागे अर्धा पैसा, एक पैसा असे चाचपडत नको. संसदेत कारण सांगून वाढवा. त्याआधी लांब पल्ल्याच्या गाड्यांना जनरलचे डबे जोडा. बसायला मिळणार असेल तर आम्ही जास्त पैसे द्यायला तयार आहोत.

आपले देणेकरी,
जनरल डब्यातील प्रवासी